तोंडी बोली आणि लेखी पावती

आपल्यापैकी कितीतरी जणी दुसऱ्याची जमीन खंडाने किंवा अर्धेलीने कसतात. पीक बहरलं की मालक खंड वाढवतो, नाहीतर “पुढल्या साली जमीन सोडा” म्हणतो. हे दुखणं आजचं नाही. म्हणून आज आपण जुन्या कुलाबा जिल्ह्याची, म्हणजे आताच्या रायगडची गोष्ट ऐकू.

तिथे आणि रत्नागिरीकडे खोतांचं राज्य होतं. सरकारचा सारा गोळा करून भरणारा खोत हळूहळू गावाचा धनीच होऊन बसला. कुळाने भात पिकवायचं आणि त्यातला मोठा वाटा मक्ता म्हणून खोताच्या घरी पोचवायचा. वर वेठ, म्हणजे फुकट राबणं. कबुलायतीवर कुळाचा अंगठा असे, पण अटी खोताच्या. वाचता न येणाऱ्याला आपण काय कबूल केलं तेही कळत नसे.

एकट्याने तक्रार केली की जमीन जाई. म्हणून 1933 साली अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकरी जमले. खोताची जमीन कसायचीच नाही, असं त्यांनी ठरवलं. आजूबाजूची गावंही सामील झाली. संप 1939 पर्यंत चालला. इतकी वर्षं घरात भात नाही! लोकांनी जंगलातून मोळ्या आणून विकल्या, मिळेल ती मजुरी केली. चूल कशी पेटली असेल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

याच काळात, 1937 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती बंद करण्याचं विधेयक मांडलं. 1939 साली कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. पुढे 1948 च्या कूळकायद्याने वेठ आणि जादा वसुली बंद केली, खंडाची लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक केलं. 1949 मध्ये खोती रद्द करणारा कायदा आला. 1 एप्रिल 1957 हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवसापासून कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं.

पण ज्यांच्याजवळ पावती नव्हती आणि सातबाऱ्यावर ज्यांचं नाव नव्हतं, त्यांना आपण कूळ आहोत हे सिद्ध करणं फार जड गेलं. चिखलात लावणी करणाऱ्या बाईचं नाव तर बहुतेक ठिकाणी कागदावर आलंच नाही. दुसरीकडे, जमीन कुळाकडे जाईल या धास्तीने मालक तोंडीच बोली करू लागले. आज आपल्याला एका हंगामापुरती, बिनकागदाची जमीन मिळते, त्यामागे ही भीती आहे.

चरीच्या लोकांनी दोन गोष्टी शिकवल्या. मालकाशी बोलायला एकटीने जायचं नाही, गटाने जायचं. आणि खंड दिला की, रक्कम लहान असो वा मोठी, पावती घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. पावतीवर नाव मात्र जी राबते तिचं हवं.