औट घटकेचे गणित

काही वर्षांपूर्वी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकवत असताना 'औट घटकेचे राज्य' हा वाक्प्रचार आला. 'औट' म्हणजे काय, असे विचारताच बहुतेकांनी क्रिकेटचा आधार घेतला: राज्य गेले म्हणजे राजा 'आउट' झाला. वर्गात हशा पिकला. अर्थाच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती अगदीच टाकाऊ नव्हती, हे मात्र मान्य केले पाहिजे. औट म्हणजे साडेतीन. घटका चोवीस मिनिटांची, तेव्हा औट घटका म्हणजे चौऱ्याऐंशी मिनिटे. दीड तासालाही सहा मिनिटे कमीच. मुले वाक्प्रचार बरोबर वापरत होती, त्यातली संख्या तेवढी नाहीशी झाली होती.

त्याच वर्गात भाजीचा धंदा असलेल्या घरातली एक मुलगी होती. पावणेदोनशेतून सव्वाशे गेले तर किती, याचे उत्तर तिने प्रश्न संपण्याआधी दिले. मग फळ्यावर पावणेदोन आणि सव्वा हेच आकडे अंश-छेद करून लिहिले आणि वजाबाकी विचारली, तर ती गप्प झाली. एकीकडे शब्द होता आणि कल्पना नव्हती. दुसरीकडे कल्पना पक्की होती, पण तिला शाळेतले रूप ओळखू येत नव्हते. संकल्पना कशी घडते, हा प्रश्न आपण मानसशास्त्राच्या विभागाकडे सोपवून मोकळे होतो. वास्तविक त्याचा बराचसा इतिहास आपल्या भाषेत आणि आपल्याच शहरात सापडतो.

पंतोजीच्या शाळेत मूल धूळपाटीवर अक्षरे गिरवी आणि तोंडाने पाढे म्हणे. एक ते तीस झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. अपूर्णांकांचे पाढे! आज ही घोकंपट्टी आपल्याला क्रूर वाटते आणि ती काही प्रमाणात क्रूर होतीही. पण तिच्यामागे व्यवहार होता. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे असलेल्या जगात पाव, निम्मे आणि पाऊण यांच्यावाचून एक दिवस निभावत नसे. मुलाला पावकीचा अर्थ शाळेत कोणी सांगत नसे. तो दुकानात कळे. पाठांतर आधी, अर्थ नंतर आणि तोही शाळेबाहेर. ज्याला दुकान, पेढी किंवा कारकुनी लाभली नाही, त्याचे पाठांतर पाठांतरच राही.

पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली गेलेली संस्था १८२२ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि मराठीत छापील गणिते, भूमिती, व्याकरणे येऊ लागली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने पाश्चात्य गणित मराठीत आणले. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले. त्याची आखणी इंग्रजी व्याकरणाची, संज्ञा संस्कृताच्या आणि द्रव्य मराठीचे. या तिहेरी मांडणीवर पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून अर्जुनवाडकरांपर्यंत अनेकांनी आक्षेप घेतले. मला येथे वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. पिढ्यान् पिढ्या 'तो घरी गेला' आणि 'त्याने आंबा खाल्ला' यांत चूक न करणाऱ्या माणसाला कर्तरी आणि कर्मणी हे नव्याने शिकावे लागले. जे जिभेला येत होते तेच आता नावानिशी समोर उभे राहिले. नाव आधी आणि ओळख नंतर, हा पंतोजीचाच क्रम छापील पुस्तकानेही चालू ठेवला. आता पाठ करावयाच्या होत्या व्याख्या, इतकाच फरक. आपल्या एम.ए.च्या वर्गातही तो सुटला आहे, असे छातीठोकपणे म्हणवत नाही.

क्रम उलटा करण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न दादरला झाला. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करून आलेल्या ताराबाई मोडकांनी १९३६ मध्ये तेथे शिशुविहार सुरू केला. मॉन्टेसोरी पद्धतीत मूल आधी सुटा मणी, दहा मण्यांची सळी, शंभरांचा चौरस हाताळते. नाव त्यानंतर येते. ताराबाई पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ मध्ये कोसबाडला गेल्या, तेव्हा महागडी साधने मागे राहिली आणि खडे, बिया, शिंपले पुढे आले. मण्याऐवजी चिंचोका चालतो, याचा अर्थ संकल्पना साधनात नसते.

कोसबाडच्याच वर्षी साऱ्या देशातील प्रौढांची एक परीक्षा झाली. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. गिरगावातला वाणी, लालबागचा गिरणी कामगार, परळची कोळीण, सगळे एकाच सकाळी पहिलीच्या वर्गात बसले. अडचण अशी की आणा नव्या पैशांत पुरता मावत नव्हता. त्याचे सव्वासहा नवे पैसे होत. सरकारी कोष्टकात एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा आणि तीन आण्यांचे एकोणीस नवे पैसे धरले होते. म्हणजे आणा-आणा करून तीनदा दिले तर अठरा आणि एकदम दिले तर एकोणीस. हा एक पैसा गेला कुठे, या प्रश्नात पूर्णांकीकरण नावाची आख्खी संकल्पना दडलेली आहे. लोकांनी ती व्याख्येतून घेतली नाही. जुने आणि नवे जेथे तंतोतंत जुळत होते ती ठाणी त्यांनी पकडली: पंचवीस पैसे म्हणजे चार आणे, पन्नास म्हणजे आठ आणे, पंचाहत्तर म्हणजे बारा आणे. मधला प्रदेश हळूहळू काबीज झाला. १९६४ मध्ये पैशाचे 'नवे'पण कागदोपत्री संपले, तरी आणे जिभेवर राहिले. यात अडाणीपणा नव्हता, तो पूल होता.

रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी १९३४ च्या आपल्या ग्रंथात व्यवहारातून उगवणाऱ्या आणि शाळेतून येणाऱ्या, अशा दोन प्रकारच्या संकल्पना मांडल्या. पहिल्या खालून वर वाढतात, दुसऱ्या वरून खाली उतरतात; वाटेत भेट झाली तरच शिकणे होते. भेट झाली नाही तर वर पोकळ शब्द आणि खाली मुके ज्ञान उरते. माझ्या वर्गात दोन्ही एकाच तासाला दिसले.

ही भेट कोणाची होत नाही, हा प्रश्न निव्वळ बुद्धीचा नाही. १९७४ साली सुरू झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला जाण्यापूर्वी बरीच वर्षे नाना चौकातील महापालिका शाळेच्या इमारतीत होते. तेथे व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील वंचित समाजांतल्या, विशेषतः अनुसूचित जातींतल्या, मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांबरोबर काम केले. विज्ञानाच्या पुस्तकांची मराठीच या मुलांच्या वाटेत आडवी येते आणि भाषा सोपी केली की आकलन सुधारते, असे त्यांना आढळले. 'मंद' हा शिक्का ज्यांच्यावर बसला होता, त्यांच्यापैकी अनेकांना अडवले होते वाक्यांनी. मराठीच्या शिक्षकांनी याची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतली नाही. पारिभाषिक संज्ञांची शुद्धता हा आमचा आवडता विषय. त्या संज्ञेपर्यंत कोण पोहोचतो, हा नव्हे.

म्हणूनच २०१९ चा वाद आठवतो. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असे संख्यावाचन आले आणि विधानसभेपर्यंत गदारोळ झाला. मंगला नारळीकर यांनी शांतपणे सांगितले की जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे मुले गोंधळतात आणि दक्षिणेतील भाषांत संख्या सरळ वाचतात. ते खरेच आहे. २७ लिहिताना दोन आधी येतो, म्हणताना सात. त्यातून २९ ला आपण तिसातून एक उणा करतो, ८९ लाही नव्वदातून, आणि ९९ ला मात्र एकदम नव्वदात नऊ मिळवतो. सहा वर्षांच्या मुलाने हे निमूट मानावे, ही अपेक्षा मोठीच. संस्कृतीवर घाला आल्याची ओरड मला पटली नाही. तरी एक सल राहतो. 'एकोणतीस'मध्ये वजाबाकी आहे, 'पावणेतीन'मध्येही आहे. ही वजाबाकी मुलाला कधीतरी उकलून दाखवावी, असे त्या गदारोळात दोन्ही बाजूंपैकी फारसे कोणी म्हटले नाही.

पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ रोजी व्यवहारातून बाद झाले. त्यानंतर जन्मलेली मुले आता लवकरच महाविद्यालयात येतील. गेल्या वर्षी वर्गात 'सोळा आणे खरे' याचा अर्थ विचारला. आणा कोणीच पाहिलेला नव्हता. तरी मागच्या बाकावरून लगेच उत्तर आले, "शंभर टक्के." मग आठ आणे खरे म्हणजे? तो जरा थांबला आणि म्हणाला, "फिफ्टी-फिफ्टी, सर."