अरबी समुद्रातील चक्रीवादळे : बदलता समुद्र आणि त्याचे दोन किनारे

भारताचा पश्चिम किनारा आणि अरबी द्वीपकल्प यांच्यामधला अरबी समुद्र वादळांच्या बाबतीत फार काळ सौम्य मानला गेला. उत्तर हिंदी महासागरात वर्षाला सरासरी पाच चक्रीवादळे होतात. त्यांपैकी चार बंगालच्या उपसागरात आणि एक अरबी समुद्रात, असे हवामानशास्त्राचे जुने गणित आहे. ओडिशा, आंध्र आणि बांगलादेशाच्या किनाऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वादळांचा अनुभव साठत गेला. कोकणात किंवा ओमानमध्ये मात्र वादळ ही एखाद्या आजोबांनी सांगितलेली गोष्ट राहिली.

गेल्या दोन दशकांत हे चित्र पालटू लागले आहे. २००७ चे गोनू, २०१५ ची चपला आणि मेघ, २०१८ ची मेकुनू आणि लुबान, २०१९ चे क्यार, २०२० चे निसर्ग, २०२१ ची तौक्ते आणि शाहीन, २०२३ चे बिपरजॉय ही नावे दोन्ही किनाऱ्यांवरच्या लोकांच्या ओळखीची झाली. मस्कतमध्ये किंवा सलालाहमध्ये नोकरी आणि श्रीवर्धनला किंवा दापोलीला वडिलोपार्जित वाडी, अशी विभागणी असलेल्या कुटुंबांना तर एकाच समुद्राचा धोका दोन ठिकाणी भोगावा लागतो.

समुद्र शांत का होता?

चक्रीवादळ जन्माला येण्यासाठी काही गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. समुद्राच्या वरच्या थराचे तापमान साधारण साडेसव्वीस अंश सेल्सियसच्या वर असावे लागते आणि ही ऊब पृष्ठभागाखाली काही दहा मीटरपर्यंत मुरलेली असावी लागते. हवेत पुरेसे बाष्प हवे. शिवाय पृष्ठभागाजवळचे वारे आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवरचे वारे यांच्या वेगात व दिशेत फार फरक असता कामा नये. हा फरक मोठा असेल, तर उभा राहू पाहणारा ढगांचा मनोरा कलतो आणि वादळ मोडते.

अरबी समुद्रात या अटी क्वचितच एकत्र पूर्ण होत. पावसाळ्यात खालून नैर्ऋत्येचे जोरदार वारे वाहतात आणि वर नेमके उलट दिशेचे, पूर्वेकडून येणारे वारे असतात. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये येथे वादळ तयार होणे अवघड असते. हेच नैर्ऋत्य वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत खोल समुद्रातील थंड पाणी वर आणतात. अरबी वाळवंटातून येणारी कोरडी हवाही वादळाचा जोर मोडते. उरतात त्या दोन खिडक्या : पावसाळ्यापूर्वीचे मे-जूनचे दिवस आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबरचा काळ. बहुतेक मोठी वादळे याच खिडक्यांतून आत आली आहेत.

या नियमाला अपवाद घडू लागले आहेत. २०२४ च्या ऑगस्टअखेर सौराष्ट्र-कच्छच्या भूभागावर असलेले खोल कमी दाबाचे क्षेत्र समुद्रावर सरकले आणि ३० ऑगस्टला त्याचे ‘असना’ चक्रीवादळात रूपांतर झाले. ऑगस्ट महिन्यात अरबी समुद्रात चक्रीवादळ होण्याची ही १९७६ नंतरची पहिलीच वेळ होती.

आकडे काय सांगतात?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९८२ ते २०००आणि २००१ ते २०१९ या दोन कालखंडांची तुलना केली. अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढल्याचे, तर अतितीव्र वादळांची संख्या १५० टक्क्यांनी वाढल्याचे त्यात आढळले. वादळांचा एकूण कालावधी ८० टक्क्यांनी वाढला होता. याच काळात बंगालच्या उपसागरातील वादळांची संख्या आठ टक्क्यांनी घटली. या अभ्यासगटातील रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या मांडणीनुसार पावसाळ्यापूर्वीच्या काळात अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान चार दशकांपूर्वीच्या तुलनेत १.२ ते १.४ अंशांनी वाढले आहे.

भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत ताशी ६२ किलोमीटर वेगाला चक्रीवादळ, ८९ ला तीव्र आणि ११८ ला अतितीव्र वादळ म्हणतात. सर्वांत वरची पायरी सुपर सायक्लोनची, म्हणजे ताशी २२१ किलोमीटरहून अधिक वेगाची. अरबी समुद्रात ही पायरी आतापर्यंत दोनच वादळांनी गाठल्याची नोंद आहे : २००७ चे गोनू आणि २०१९ चे क्यार. त्याच २०१९ मध्ये या समुद्रात पाच चक्रीवादळे झाली आणि १९०२ च्या विक्रमाशी बरोबरी झाली. क्यार विरण्याआधीच ‘महा’ उभे राहिले. दोन चक्रीवादळे एकाच वेळी या समुद्रावर घोंघावत असल्याचे पूर्वी कधी नोंदले गेले नव्हते. दोन्हींपैकी एकानेही कोकणात पाऊल ठेवले नाही. तरीही त्यांच्या पावसाने दिवाळीच्या सुमारास कापणीला आलेली भातशेती आडवी केली.

कारणांविषयीचा वाद

हा सारा बदल हवामानबदलाच्या खात्यावर सरसकट टाकणे शास्त्राला मान्य नाही. अरबी समुद्रातील वादळांची वार्षिक संख्या इतकी लहान आहे की, एखाद्या असाधारण वर्षाने सरासरी हलते. उपग्रहांची भरवशाची नोंद जेमतेम चार-पाच दशकांची आहे. एल निनो आणि हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम भागांतील तापमानाचा हेलकावा यांचाही वादळांवर मोठा प्रभाव पडतो; २०१९ साली हा हेलकावा पश्चिमेच्या बाजूने विलक्षण झुकलेला होता.

वादाची दुसरी बाजूही आहे. अमाटो इव्हान आणि सहकाऱ्यांनी २०११ साली ‘नेचर’मध्ये मांडले की, दक्षिण आशियावरील धूर-धुळीच्या प्रदूषणामुळे अरबी समुद्रावरील वाऱ्यांची रचना बदलली, वरच्या-खालच्या वाऱ्यांतील फरक घटला आणि पावसाळ्यापूर्वीच्या वादळांना जोर धरण्यास वाव मिळाला. २०१४ आणि २०१५ मध्ये पावसाळ्यानंतर झालेल्या प्रबळ वादळांचा अभ्यास हिरोयुकी मुराकामी आणि सहकाऱ्यांनी केला. अशा वादळांची शक्यता मानवी कारणांमुळे वाढली आहे, असा निष्कर्ष त्यांनी २०१७ साली काढला. आंतरशासकीय हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार जगभरातील वादळांपैकी प्रबळ वादळांचे प्रमाण गेल्या चार दशकांत बहुधा वाढले आहे.

या सर्व मतांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. वादळे किती वाढतील, यावर मतभेद आहेत. पण जे वादळ होईल त्याला गरम समुद्र अधिक इंधन आणि अधिक पाऊस पुरवील, यावर फारसा मतभेद नाही. वादळ झपाट्याने बळावण्याचा धोकाही त्यातूनच येतो. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी वादळ काही तासांत उभे राहिले तेव्हा केरळ-तामिळनाडूचे मच्छीमार आधीच खोल समुद्रात होते. त्यांतील अनेक परतले नाहीत. सुदैवाने ६८ बोटींवरील साडेनऊशेच्या आसपास मच्छीमार सिंधुदुर्गातील देवगड बंदरात सुखरूप पोहोचले.

पश्चिमेचा किनारा : वाळवंटातला पूर

जून २००७ मध्ये गोनूने ओमानला तडाखा दिला. सुमारे पन्नास माणसे गेली आणि चार अब्ज डॉलरच्या आसपास नुकसान झाले. मस्कतच्या कोरड्या वाद्या, म्हणजे एरवी वाहनतळ किंवा खेळाचे मैदान म्हणून वापरले जाणारे नदीपात्र, काही तासांत पुराने भरले. नोव्हेंबर २०१५ मध्ये चपलाने येमेनच्या मुख्य भूमीवर इतक्या ताकदीने धडक दिली की, तशी नोंद त्यापूर्वी नव्हती. आठवड्याभरात मेघ आले आणि सोकोत्रा बेटाला लागोपाठ दुसरा तडाखा बसला.

मे २०१८ मध्ये मेकुनूने सलालाह परिसरात चार दिवसांत ६१७ मिलिमीटर पाऊस पाडला. हा कित्येक वर्षांचा पाऊस होता. ३ ऑक्टोबर २०२१ ला शाहीन ओमानच्या अल बातिना किनाऱ्यावर धडकले. हे वादळ मुळात बंगालच्या उपसागरातील ‘गुलाब’ होते. आंध्र किनाऱ्यावर उतरून, भारत ओलांडून, अरबी समुद्रात पुन्हा बळावून ते तेथे पोहोचले. ओमानच्या या उत्तर किनाऱ्यावर असे वादळ १८९० नंतर आले नव्हते. अल खाबुरा येथे एका दिवसात सुमारे ३७० मिलिमीटर पाऊस झाला.

१६ एप्रिल २०२४ ला दुबई आणि अल ऐन परिसर बुडाला, ती घटना मात्र वेगळी. ते चक्रीवादळ नव्हते. पश्चिमेकडून सरकत आलेल्या गडगडाटी ढगांच्या मालिकेचा तो पाऊस होता. अल ऐनजवळ २४ तासांत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला आणि १९४९ पासूनच्या नोंदींतील उच्चांक मोडला. इराणच्या आखातात आजवर चक्रीवादळाची नोंद नाही. तरीही निंग लिन आणि केरी इमॅन्युएल यांच्या २०१५ च्या संगणकीय अभ्यासाने तेथे ते अत्यंत दुर्मीळ, पण शक्य असल्याचे दाखवले.

सलालाहचा पाऊस, काटोलची टोळधाड

वादळाचा परिणाम किनाऱ्यावर संपत नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१८ चे आहे. मेकुनूच्या पावसाने रुब अल-खाली या निर्जन वाळवंटात तात्पुरती तळी साचली. ओलसर वाळू आणि उगवलेले गवत टोळांच्या प्रजननाला पोषक ठरले. ती ओल आटण्याच्या बेतात असतानाच ऑक्टोबरमध्ये लुबानने पुन्हा पाऊस दिला. तेथे पाहणारे कोणी नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार तीन पिढ्यांत टोळांची संख्या सुमारे आठ हजार पटींनी वाढली. पुढे येमेन, आफ्रिकेचे शिंग, इराण आणि पाकिस्तान अशी वाटचाल करीत टोळधाडी राजस्थानात उतरल्या. मे २०२० च्या अखेरीस त्या अमरावती जिल्ह्यातील मोर्शी-वरूड आणि नागपूरच्या काटोल भागात, म्हणजे ऐन संत्रापट्ट्यात पोहोचल्या. ओमानच्या वादळाची झळ दोन वर्षांनी विदर्भातील शेतकऱ्याला लागली.

पूर्वेचा किनारा : वाडी उभी राहायला लागणारा काळ

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकले. ताशी शंभर ते एकशेवीस किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या मोडून टाकल्या. घराचे पत्रे किंवा कौले महिन्याभरात चढतात. पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. श्रीवर्धनच्या प्रसिद्ध रोठा सुपारीवर चालणाऱ्या कुटुंबांचे नुकसान म्हणूनच एका हंगामाच्या हिशेबात मावत नाही. टाळेबंदीमुळे मुंबईची मिळकत थांबली होती, त्याच दिवसांत हा घाव बसला.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याला वादळ अगदीच नवे नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबई परिसराने मोठे वादळ सोसले. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान अलिबाग आणि मुंबई यांच्यामध्ये उतरले. उलट, १८८२ साली मुंबईत एक लाख बळी घेणाऱ्या वादळाची जी कथा अनेक ठिकाणी छापली जाते, तिला समकालीन कागदपत्रांत आधार नसल्याचे अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे अॅडम सोबेल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे.

वादळ थेट धडकलेच पाहिजे असेही नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते मुंबईजवळून उत्तरेकडे गेले आणि गुजरातमध्ये दीव-उनादरम्यान उतरले. त्या २४ तासांत सांताक्रूझला २३० मिलिमीटर पाऊस झाला. मे महिन्यात मुंबईने असा पाऊस पाहिला नव्हता. मुंबई हायच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ ही निवासी बार्ज बुडून सत्तरहून अधिक कामगार-खलाशांचा अंत झाला. वादळाचा इशारा काही दिवस आधी प्रसृत झालेला होता.

इशारा आणि कृती

या भागातील वादळांची नावे तेरा देशांनी सुचवलेल्या यादीतून क्रमाने दिली जातात. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका यांच्याबरोबर ओमान, कतार, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, येमेन आणि इराणही त्यात आहेत. ‘निसर्ग’ बांगलादेशाचे, ‘शाहीन’ कतारचे, तर ‘तेज’ भारताचे. अंदाजाची प्रादेशिक जबाबदारी दिल्लीतील भारतीय हवामान विभागाकडे आहे. मस्कतला येणाऱ्या वादळाचे पहिले पत्रकही बहुधा तेथूनच निघते.

इशाऱ्यावर वेळीच कृती झाली तर काय साधते, हे कच्छच्या किनाऱ्यावर दिसले. जून १९९८ मध्ये कांडला परिसरात आलेल्या वादळात एक हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जून २०२३ मध्ये त्याच जिल्ह्यात जखाऊजवळ बिपरजॉय उतरले. एकूण तेरा दिवसांहून अधिक काळ टिकलेल्या या वादळाच्या धडकेपूर्वी गुजरातने एक लाखाहून अधिक लोकांना हलवले आणि धडकेच्या वेळची जीवितहानी अत्यल्प राहिली. मात्र शेकडो किलोमीटर दूर, मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर त्याच वादळाच्या लाटांत मुले वाहून गेली. किनाऱ्यावर जाऊ नये, ही सूचना साधी वाटते आणि म्हणूनच दुर्लक्षिली जाते.

ओमानने गोनूनंतर मस्कतच्या वाद्यांवर पूररोधक धरण बांधले आणि बहुआपत्ती पूर्वसूचना केंद्र उभारले. महाराष्ट्रात अलिबागमध्ये वीजवाहिन्या जमिनीखाली नेण्याचे काम हाती घेतले गेले. ही कामे खर्चिक आहेत आणि त्यांचा उपयोग दहा-पंधरा वर्षांतून एकदाच दिसतो. त्यामुळे ती लांबणीवर पडतात.

परदेशस्थ मराठी माणसाच्या दृष्टीने या माहितीचा व्यावहारिक अर्थ सरळ आहे. मे-जून आणि ऑक्टोबर-डिसेंबर या काळात दोन्ही देशांच्या हवामान विभागांची पत्रके पाहावीत. ओमान-अमिरातीत वादीच्या पात्रात वाहन उभे करू नये वा घालू नये. गावाकडील घराचा, बागेचा आणि होडीचा विमा वादळाला लागू होतो की नाही, हे पॉलिसी वाचून तपासावे. गावी एकटे राहणारे वृद्ध आई-वडील इशारा मिळताच कोणाच्या पक्क्या घरात जातील, तेथवर त्यांना कोण नेईल आणि फोन बंद पडल्यास निरोप कोणाकडून मिळेल, हे आकाश निरभ्र असतानाच ठरवून ठेवावे.