मोलीची धार: तपासणीच्या किरणोत्सारी औषधांची उपकरणे

किरणोत्सारी औषध रक्तात सोडून त्यावरून हाड, हृदय, मूत्रपिंड किंवा थायरॉइड यांचे चित्र घेण्याच्या शाखेला न्यूक्लियर मेडिसिन म्हणतात. हे औषध तयार करणाऱ्या उपकरणांना दोन गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात. एक, हाताळणाऱ्याच्या अंगावर किरणे येता कामा नयेत. दुसरी, औषध रुग्णापर्यंत पोचेपर्यंत त्यात पुरेसा दम उरला पाहिजे. कारण ते बाटलीत बंद असतानाही सतत कमी होत असते. निम्मे व्हायला त्याला जो वेळ लागतो ते त्याचे अर्धायुष्य. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य ८ दिवस, टेक्नेशियम-९९एमचे ६ तास आणि फ्लोरिन-१८ चे ११० मिनिटे.

या आकड्यांचा अर्थ रस्त्यावर कळतो. मुंबईहून निघालेली खेप साडेतीन तासांत पुण्यात आली आणि पुढचे दोन तास भोर किंवा वेल्ह्याच्या घाटवाटांत गेले असे धरू. साडेपाच तासांनंतर फ्लोरिन-१८ मूळच्या आठव्या हिश्श्याएवढे उरेल, टेक्नेशियम निम्म्याहून किंचित जास्त, आयोडीन ९८ टक्के. याच कारणाने भोर-वेल्ह्याकडचा माणूस हाडांच्या किंवा हृदयाच्या स्कॅनसाठी पुण्याला जातो. औषधाने गावापर्यंत येण्यापेक्षा रुग्णाने शहर गाठणे सोपे पडते. महाराष्ट्रात या उपकरणांनी जी रूपे घेतली, त्यांतली बरीचशी याच हिशेबातून आली.

सुरुवात ट्रॉम्बेत झाली. होमी भाभांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये तिथे अणुऊर्जा संस्था उभी राहिली. १९६७ पासून तिचे नाव भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथली 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. पाण्याच्या खोल टाकीत इंधन बुडवलेली, १ मेगावॅट क्षमतेची ही छोटी भट्टी वीज बनवण्यासाठी नव्हती. न्यूट्रॉनांचा झोत मिळवणे आणि त्यात पदार्थ ठेवून समस्थानिके तयार करणे हा तिचा उपयोग. १० जुलै १९६० रोजी कॅनडाच्या मदतीने बांधलेली ४० मेगावॅटची 'सायरस' सुरू झाली आणि न्यूट्रॉनांचा झोत कितीतरी दाट झाला. व्ही. के. अय्या यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञांच्या हाताखाली ट्रॉम्बेच्या आयसोटोप विभागाने या भट्ट्यांतून निघालेल्या मालाचे औषध करण्याचा धंदा बसवला. 'धंदा' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. कारण प्रयोगशाळेत एकदा साधलेली गोष्ट दर आठवड्याला, त्याच शुद्धतेची, ठरल्या वारी रुग्णालयात पोचवणे हे निराळेच काम आहे.

पहिल्या काळातले महत्त्वाचे औषध आयोडीन-१३१ होते. थायरॉइड ग्रंथी आयोडीन ओढून घेते, त्यामुळे ती किती काम करते आणि तिचा कोणता भाग थंड पडला आहे हे त्यावरून समजते. आयोडीन-१३१ तयार करण्याची एक पद्धत अशी: टेल्युरियमचे संयुग भट्टीत ठेवायचे, न्यूट्रॉन शोषून त्याचे काही अणू आयोडीन होतात, मग ते तापवायचे. आयोडीन वाफ होऊन निघते आणि अल्कधर्मी द्रावणात अडकते. उपकरणाला सगळा त्रास या वाफेचाच. शिशाची भिंत गॅमा किरणे अडवते, पण फटीतून निसटणारा वायू अडवत नाही. म्हणून आयोडीनची पेटी दुहेरी असते. आत हवाबंद पेटी, बाहेर शिसे. आतल्या हवेचा दाब खोलीपेक्षा कमी ठेवतात, म्हणजे फट पडली तरी हवा आतच खेचली जाते. बाहेर सोडायची हवा कोळशाच्या गाळण्यांतून जाते, कारण सक्रिय कोळसा आयोडीन धरून ठेवतो.

वेल्ह्याकडचा राजगड चढलेल्याला ही रचना अनोळखी वाटणार नाही. संजीवनी माचीची चिलखती तटबंदी अशीच आहे: एक तट, मध्ये अरुंद मोकळी जागा, मग दुसरा तट. शिशाच्या भिंतीचे बांधकामही गडाच्याच जातीचे. ५ × १० × २० सेंटिमीटरची शिशाची एक वीट ११ किलोहून जास्त भरते, आणि भिंतीसाठी वापरायच्या विटांच्या कडा सपाट नसून इंग्रजी व्हीसारख्या असतात, एका विटेची धार दुसरीच्या खाचेत बसते. सपाट विटा रचल्या तर सांध्याची सरळ फट राहते आणि किरण सरळ रेषेत बाहेर येतो. नळ्या आणि वायरीही याच कारणाने भिंतीतून सरळ नेत नाहीत, वाटेत वळण देतात. शिवकालीन गडांच्या गोमुखी दरवाज्यात शत्रूला सरळ आत शिरता येत नाही; इथे किरणाला सरळ बाहेर पडता येत नाही.

अशा भिंतीआडच्या जागेला हॉट सेल म्हणतात. पाहण्यासाठी शिसे मिसळलेल्या पिवळसर काचेची जाड खिडकी असते आणि हात घालण्याऐवजी चिमटे किंवा यांत्रिक हात. बाहेर मूठ वळली की आतला पंजा वळतो. असे जोडीचे हात अमेरिकेत अर्गोन प्रयोगशाळेत रे गर्ट्झ यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस तयार केले आणि नंतर जगभर पसरले. या हातांनी बाटलीचे बूच काढायला शिकणे हीच मोठी कसरत असते. बोटांना वस्तूचा स्पर्श कळत नाही, कळतो तो फक्त दांड्याचा विरोध. प्रत्येक कामगाराच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला असतो. आधी त्यात फिल्म असे, पुढे ट्रॉम्बेतच बनवलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या आल्या. त्या तापवल्या की साठलेल्या किरणांच्या प्रमाणात प्रकाश देतात. १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाल्यावर मर्यादा काटेकोर झाल्या. आता कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा चालत नाही.

१९६३ मध्ये परळला, टाटा रुग्णालयाच्या जेरबाई वाडिया रोडवरच्या इमारतीत, रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. ट्रॉम्बेचा माल आणि मुंबईचा रुग्ण यांची गाठ इथे पडली. त्याच सुमारास जगात टेक्नेशियमचा बोलबाला सुरू झाला होता. १९३७ मध्ये इटलीत पालेर्मोला पेरिए आणि सेग्रे यांनी शोधलेले हे मूलद्रव्य दोन दशके औषधाच्या दृष्टीने बिनकामाचेच होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन यांनी त्याचा जनरेटर बनवला. पॉवेल रिचर्ड्स यांनी त्याचे वैद्यकीय मोल ओळखून प्रचार केला आणि १९६० च्या दशकात शिकागोत पॉल हार्पर व कॅथरिन लॅथ्रोप यांनी ते रुग्णांसाठी वापरात आणले.

जनरेटरची युक्ती अर्धायुष्यांच्या फरकावर उभी आहे. मॉलिब्डेनम-९९ चे अर्धायुष्य ६६ तास. ते क्षय पावून टेक्नेशियम-९९एम होते. म्हणजे ६ तासांचे लेकरू ६६ तासांच्या आईबरोबर प्रवासाला धाडायचे. वर घेतलेल्या साडेपाच तासांच्या वाटेत मॉलिब्डेनम ९४ टक्के शाबूत राहते. धंद्यातले लोक त्याला 'मोली' म्हणतात, आणि जनरेटरला इंग्रजीत 'गाय' म्हणायची जुनी चाल आहे. मराठीत ही चाल आणखी चपखल बसते, कारण इथे शब्दशः धार काढावी लागते. एकदा धार काढली की सहा तासांत टेक्नेशियम निम्म्याच्या आसपास पुन्हा भरते आणि साधारण २३ तासांनी सर्वाधिक होते. म्हणून रुग्णालयाच्या हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषध तयार करण्याच्या खोलीत, रोज सकाळी एकच धार काढतात.

ती काढताना दिसते ते इतकेच. शिशाच्या डब्यात बोटाएवढी काचेची नळी, तिच्यात ॲल्युमिनाची पांढरी पूड. मोली त्या पुडीला घट्ट चिकटलेले असते. एका सुईवर ५ ते १० मिलिलिटर सलाइनची बाटली टोचायची, दुसऱ्या सुईवर शिशाच्या भांड्यात ठेवलेली निर्वात बाटली. निर्वात बाटली सलाइन ओढते, सलाइन पुडीतून जाताना टेक्नेशियम सोबत घेते, मोली मागे राहते. शेवटी हवेचे बुडबुडे आले की धार संपली. हातात येते ते पाण्यासारखे स्वच्छ द्रावण. मग ते एकदा उघड्याने आणि एकदा जवळजवळ ६ मिलिमीटर शिशाच्या डबीत घालून मोजायचे. टेक्नेशियमचे १४० किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टचे किरण त्या शिशात अडतात, मोलीचे जोरकस किरण आरपार जातात. डबीतून आलेला आकडा म्हणजे गळलेले मोली. अमेरिकी मानकानुसार टेक्नेशियमच्या दर मिलिक्युरीमागे ते ०.१५ मायक्रोक्युरीहून जास्त नसावे. एक थेंब रंगबदल कागदावर टाकून ॲल्युमिनियम सुटले नाही ना तेही बघतात. त्यानंतर द्रावण कोरड्या औषधाच्या 'किट' बाटलीत जाते. हाडांसाठी एमडीपी, मूत्रपिंडासाठी डीटीपीए; हृदयाच्या सेस्टामिबीला मात्र उकळत्या पाण्यात ठेवावे लागते. इतक्या किमती विज्ञानाचा शेवट पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात व्हावा, यात गंमत आहे.

जनरेटरची ही सुबक गाय ट्रॉम्बेत सरळ दुभली नाही. कारण मोलीच्या दर्जात होते. परदेशात मोली मुख्यतः युरेनियमच्या विखंडनातून काढत. त्यात इतर मॉलिब्डेनम जवळपास नसते, त्यामुळे चिमूटभर पुडीवर प्रचंड सक्रियता मावते. ट्रॉम्बेत साध्या मॉलिब्डेनम ऑक्साइडवर न्यूट्रॉन सोडून मोली बनवत. नैसर्गिक मॉलिब्डेनममध्ये उपयोगाचा ९८ वजनाचा अणू जेमतेम २४ टक्के, आणि त्यातलाही अत्यल्प भाग न्यूट्रॉन घेतो. ८ ऑगस्ट १९८५ रोजी सुरू झालेल्या १०० मेगावॅटच्या 'ध्रुव' भट्टीत झोत आणखी दाट झाला, तरी हिशेब बदलला नाही. ग्रॅमभर धातूत सक्रियता थोडी, आणि ॲल्युमिनाच्या दर ग्रॅमला पेलते ती काही मिलिग्रॅम मॉलिब्डेनमच. बोटाएवढ्या नळीच्या जागी मोठा स्तंभ लागला असता आणि धार पातळ झाली असती.

उपाय शोधला तो द्रावक निष्कर्षणाचा. मॉलिब्डेनम ऑक्साइड सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवायचा, त्यात मिथाइल इथाइल कीटोन घालून हलवायचे. टेक्नेशियम कीटोनमध्ये जाते, मोली पाण्यात राहते. वरचा थर काढून ॲल्युमिनातून गाळायचा, कीटोन उडवून टाकायचा आणि उरलेल्या कणांवर सलाइन घालायचे. कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात ते रोज सकाळी रुग्णालयातल्या धुराड्याखाली, शिशाच्या आडून, पेट घेणारा द्रावक वापरून करावे लागे. कीटोनचा अंश उरला तर किट बिघडे आणि त्या दिवशीचे स्कॅन वाया जात. आयात गायीच्या तुलनेत ही देशी पद्धत स्वस्त होती, पण ती हातांच्या कौशल्यावर चालत होती. या अवघड हातकामाचे ओझे वर्षानुवर्षे तंत्रज्ञांनी वाहिले. त्यांची नावे पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाहीत.

१ मार्च १९८९ रोजी समस्थानिकांचे उत्पादन आणि विक्री यांसाठी बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी, म्हणजे ब्रिट, स्थापन झाले. त्याचे मुख्य ठाणे वाशीला आहे. या टप्प्यावर हातकाम कमी करण्याचे दोन मार्ग आजमावले गेले. एकात मोली झिर्कोनियम मॉलिब्डेटच्या जेलमध्येच बांधून टाकले; 'जेलटेक' जनरेटर म्हणजे तेच. चिकटवायला जागा कमी पडते, तर मोलीलाच पुडी करून टाकायची, अशी ती कल्पना. दुसऱ्यात कीटोनचे सगळे टप्पे झडपा आणि संगणकाच्या ताब्यात दिले, ते 'ऑटोसोलेक्स'. याशिवाय आयात केलेल्या विखंडन-मोलीपासून 'कोलटेक' हा नेहमीचा स्तंभ-जनरेटरही ब्रिट बनवते. २००९ मध्ये कॅनडाची एनआरयू भट्टी वर्षाहून अधिक काळ बंद पडली आणि जगभर मोलीचा दुष्काळ आला, तेव्हा आयातीवर विसंबण्याची किंमत कळली आणि देशी वाटेचे मोल पुन्हा पटले.

फ्लोरिन-१८ ला गाय मिळत नाही. त्याच्यासाठी यंत्रच रुग्णाजवळ न्यावे लागते. २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन बसला. तो प्रोटॉनांना १६.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत वेग देतो. ते ऑक्सिजन-१८ युक्त पाण्याच्या लहानशा घोटावर आदळले की फ्लोरिन तयार होते, आणि ते बारीक नळीतून शिशाच्या पेटीतल्या संश्लेषण-मॉड्यूलमध्ये येते. तिथे अर्ध्या तासाच्या आसपास एफडीजी, म्हणजे फ्लोरिन लावलेली साखर, तयार होते, गाळली जाते आणि कुपीत भरते. कोणी हात लावत नाही. इथे शिसे जाड लागते, कारण या किरणांची ऊर्जा ५११ किलो-इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. टेक्नेशियमचे किरण पाव मिलिमीटरच्या आसपास शिशात निम्मे होतात, तर यांना चार-पाच मिलिमीटर लागतात.

वापरून झालेल्या मोलीच्या नळीचे विसर्जनही ठरलेले आहे. दहा अर्धायुष्ये म्हणजे सुमारे चार आठवडे ती शिशातच ठेवतात. तोवर तिची सक्रियता हजारपटीने घटलेली असते. मग मोजमाप घेऊन नळी कचऱ्यात जाते आणि शिशाचा डबा पुढच्या वापरासाठी ठेवला जातो.