नीरमाचा हिशेब

मराठीत एक जुना शब्द आहे, नीरम. आजच्या पिढीच्या कानांवर तो क्वचितच पडला असेल. गलबत रिकामे असताना वाऱ्याने कलंडू नये म्हणून त्याच्या तळाशी जे दगड किंवा वाळू भरत, ते नीरम. इंग्रजीत बॅलास्ट. माल भरलेला असला की त्याच्याच वजनाने गलबत पाण्यात नीट बसते. माल उतरला की ते वर येते, शिडाचा आणि डोलकाठीचा भार वरचढ होतो आणि जोराच्या वाऱ्याने ते आडवे होऊ शकते. म्हणून हे बिनभाड्याचे ओझे. या ओझ्याची हकीकत आज मी सांगणार आहे. ती अमेरिकेतल्या तलावांवरील एका खेळापर्यंत जाते.

सुरुवात स्वीडनपासून करू. १० ऑगस्ट १६२८ रोजी ‘वासा’ हे ६४ तोफांचे नवेकोरे जहाज स्टॉकहोमहून निघाले. जेमतेम १३०० मीटर गेले असेल, तोच वाऱ्याच्या झोताने ते कलले, तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरले आणि जहाज बुडाले. सुमारे ३० माणसे दगावली. निघण्यापूर्वी त्याची परीक्षा झाली होती. ३० खलाशांना एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे पळायला लावले, तर जहाज इतके डोलू लागले की तीन फेऱ्यांनंतर परीक्षाच थांबवावी लागली. तळाशी सुमारे १२० टन दगड होते. ते अपुरे होते. पण आणखी दगड घालावेत, तर खालचे झरोके पाण्याच्या अधिकच जवळ आले असते. नीरमाचा पेच तो हाच. वजन तोल सावरते आणि तेच वजन बोटीचा काठ पाण्याकडे ओढते.

एकोणिसाव्या शतकात लोखंडी आगबोटी आल्या, वाफेवर चालणारे पंप आले आणि दगडांची जागा पाण्याने घेतली. हवे तेव्हा टाक्या भरा, नको तेव्हा ओता. ही सोय मोठी होती. तिचे परिणाम पुढे सांगतो.

आता अमेरिकेत येऊ. २ जुलै १९२२ रोजी मिनेसोटा राज्यातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन हा १८ वर्षांचा तरुण लाकडी फळ्या पायांना बांधून बोटीमागे पाण्यावरून घसरत गेला. वॉटर स्कीइंगचा जन्म तिथला मानतात. पुढे या खेळासाठी खास मोटरबोटी बनू लागल्या. त्यांचे इंजिन बोटीच्या आत, साधारण मधोमध, आणि पंखा बुडाखाली झाकलेला. यांना इनबोर्ड म्हणतात. स्कीपटूला मागे सपाट पाणी हवे असते. त्यामुळे या बोटी हलक्या आणि उथळ बुडाच्या असत. ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास वेग घेतला की त्या पाण्यावर उचलल्या जात आणि मागे लाट जवळजवळ उरत नसे. वजन हा त्यांचा शत्रू होता.

१९८० च्या दशकात हवा बदलली. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात टोनी फिन यांनी ‘स्कर्फर’ नावाची फळी आणली. १९९० नंतर वेकबोर्ड आले. या खेळाडूंना उसळी मारायला लाट हवी होती! मग त्याच हलक्या बोटींत लोक पाण्याच्या पिशव्या ठेवू लागले. त्यातूनच वेकसर्फिंग फोफावले. यात सर्फर बोटीमागे दोरी धरून उभा राहतो, लाटेवर स्थिरावला की दोरी सोडून देतो आणि बोटीच्या लाटेवरच तरंगत राहतो. समुद्र हजार मैल दूर असलेल्यांना समुद्राची मजा.

माझा एक भाचा मिनेसोटात असतो. त्याने १९९० च्या दशकातली अशीच एक जुनी बोट घेतली आणि मला फोन केला, “मामा, चांगली लाट यायला तळाशी किती वजन घालू?” मी म्हटले, “अरे, किती ते नंतर. आधी कुठे ते ठरव.”

त्याला जे सांगितले ते थोडक्यात असे. वेकसर्फिंगचा वेग ताशी १६ ते १८ किलोमीटर. १६ च्या वेगाला उठणाऱ्या लाटेची लांबी सुमारे साडेबारा मीटर येते आणि बोट असते सहा मीटरची. म्हणजे बोटीचे नाक स्वतःच्याच लाटेवर चढलेले आणि शेपूट खोल दबलेले. जितके पाणी बोट बाजूला सारील, तितकी लाट मोठी. नव्या बोटींत लाट घडवायला मागे यांत्रिक झडपा असतात. जुनीत त्या नसतात, म्हणून बोट एका अंगाला मुद्दाम कलती ठेवावी लागते. डावा पाय पुढे ठेवणारा सर्फर सहसा डावीकडच्या लाटेवर असतो. तेव्हा सर्वांत जड पिशवी मागच्या डाव्या कोपऱ्यात, दुसरी त्याच अंगाला इंजिनाच्या पेटीशेजारी आणि एखादी हलकी पुढे. पुढे वजनच नसेल तर लाट उभी पण आखूड होते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे बेरीज सोपी. मात्र बोटीतली माणसेही त्याच बेरजेत धरायची. वासावर धावणारे ते खलाशी आठवावेत.

शेकडो वर्षे बोट सरळ राहावी म्हणून जे वापरले, तेच इथे ती कलावी म्हणून वापरतात. नियम मात्र बदललेले नाहीत. अर्धवट भरलेली पिशवी वाईट, कारण पाणी खालच्या बाजूला धावते आणि कल आणखी वाढवते. पिशवी पूर्ण भरून, हवा काढून, घट्ट बसवावी. अमेरिकेत २० फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींवर किती वजन चालेल याची पाटी असते. पिशव्यांतले पाणी त्या आकड्यातच मोजायचे. वेग एकदम कमी केला तर मागून येणारी लाट दबलेल्या काठावरून आत येते. आणि मुख्य म्हणजे, धुराड्याचे तोंड सर्फरच्या जवळच असते. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. चालत्या बोटीची मागची फळी धरून तरंगण्याला कॅलिफोर्नियात २००५ पासून कायद्याने बंदी आहे, ती अशा मृत्यूंनंतरच. बोटीच्या मागच्या फळीवर बसायचे ते इंजिन बंद करूनच.

शेवटची गोष्ट पिशव्या रिकाम्या करण्याची. १९८८ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरील लेक सेंट क्लेअरमध्ये झेब्रा मसल सापडले. दिसायला आपल्या शिणाण्यांसारखे, पण नखाएवढे. युरोपातून आलेल्या जहाजांच्या नीरमाच्या पाण्यातून ते आले असे मानतात. त्यांनी शहरांचे पाण्याचे नळ तुंबवले. आता ते एका तलावातून दुसऱ्या तलावात जातात ते अशाच छोट्या बोटींतून. एका पिशवीत उरलेले वाटीभर पाणीही त्यांच्या अळ्यांना पुरते. म्हणून मिनेसोटात बोट तलावाबाहेर नेताना पाणी काढून टाकणे आणि तळाचे बूच उघडे ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे.

आपल्यालाही हे परके नाही. २००० ते २००४ या काळात नीरमाच्या पाण्याचा अभ्यास करण्यासाठी जगात सहा ठिकाणे निवडली गेली, त्यांतले एक मुंबई होते. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, तो ८ सप्टेंबर २०१७ रोजी अमलात आला. दगडांच्या काळात नीरम फेकून देत. पाण्याच्या काळात ते कुठे भरले आणि कुठे ओतले, याचाही हिशेब ठेवावा लागतो. तो जहाजाच्या कप्तानाने ठेवायचा, तसाच सुट्टीच्या दिवशी तलावावर बोट नेणाऱ्यानेही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)