खेळ हा उपचार कसा झाला? प्ले थेरपीची शंभर वर्षं

"डॉक्टर, मुलगा शाळेत सगळ्यांना मारतो आणि तुम्ही त्याला खेळायला पाठवताय?" प्ले थेरपीचं नाव काढलं की बरेच पालक असंच काहीतरी विचारतात. प्रश्न रास्त आहे. मूल घरी खेळतंच. मग त्यासाठी तज्ज्ञ कशाला आणि फी कशाला?

याचं उत्तर प्ले थेरपीच्या इतिहासात सापडतं. खेळणं तर मुलांना उपजतच येतं. त्या खेळाकडे कसं बघायचं, हे शिकायला मात्र आपल्याला, म्हणजे मोठ्यांना, बराच काळ लागला.

घोड्याला घाबरणारा मुलगा

१९०९ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी व्हिएन्नातल्या एका पाच वर्षांच्या मुलाची केस प्रसिद्ध केली. ती 'लिटल हान्स' या नावाने ओळखली जाते. घोडा चावेल या भीतीने हा मुलगा रस्त्यावर जायला तयार नसे. गाडी ओढणारा घोडा कोसळताना त्याने पाहिला होता. फ्रॉइड त्याला उपचारासाठी एकदाच भेटले. बाकी सगळं काम मुलाच्या वडिलांनी केलं. ते मुलाशी बोलत, त्याचं वागणं टिपून ठेवत आणि फ्रॉइडना कळवत.

त्या नोंदींत एक साधी गोष्ट आहे. घोड्याला घाबरणारा हा मुलगा घरात स्वतःच घोडा होऊन धावायचा, पडायचा, पाय झाडायचा. ज्याची भीती वाटते तेच मुलं खेळात पुन्हा पुन्हा का करतात? कारण खेळात सूत्रं त्यांच्या हातात असतात. इंजेक्शन घेऊन आलेलं मूल घरी बाहुलीला इंजेक्शन देतं, तेही यामुळेच.

बर्लिनमधले खेळण्यांचे खण

मोठा माणूस मनातलं बोलून दाखवू शकतो. चार वर्षांच्या मुलाकडे तेवढे शब्द नसतात. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये मेलनी क्लाइन यांनी यावर उपाय काढला. लाकडी माणसं, प्राणी, गाड्या, ठोकळे अशी छोटी खेळणी त्या मुलांसमोर ठेवत. प्रत्येक मुलाच्या खेळण्यांसाठी कुलूप असलेला वेगळा खण असे. मोठ्यांचं बोलणं ऐकावं तसा त्या मुलांचा खेळ 'ऐकत' आणि त्याचा अर्थ लगेच मुलाला सांगत.

फ्रॉइड यांची कन्या ॲना यांना हे पटलं नाही. खेळातल्या प्रत्येक गोष्टीत गूढ अर्थ असतोच असं नाही, आधी मुलाशी नातं जुळू द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२७ पर्यंत हा वाद उघड झाला होता. खेळाचा अर्थ ठरवायचा कोणी, हा त्यातला खरा प्रश्न आजही महत्त्वाचा आहे.

वाळूचा ट्रे आणि मुलांचं 'जग'

मार्गारेट लोवेनफेल्ड या लंडनच्या डॉक्टर. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी पोलंडमध्ये मदतकार्य केलं. भयंकर हाल सोसूनही काही मुलं सावरतात आणि काही सावरत नाहीत, हे त्यांनी तिथे पाहिलं. परत आल्यावर १९२८ मध्ये त्यांनी लंडनमध्ये घाबरट आणि 'अवघड' म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी क्लिनिक काढलं.

एच. जी. वेल्स यांचं जमिनीवर मांडायच्या खेळांबद्दलचं १९११ मधलं पुस्तक त्यांच्या आठवणीत होतं. म्हणून त्यांनी एका पेटीत बारीकसारीक वस्तू गोळा केल्या. खोलीत वाळू आणि पाण्याचे ट्रेही होते. मुलांनी आपणहून पेटीतल्या वस्तू वाळूत मांडायला सुरुवात केली आणि त्या मांडणीला 'जग' म्हणू लागली. म्हणजे हे तंत्र मुलांनीच शोधलं. डॉक्टरांनी ते होऊ दिलं आणि नीट पाहिलं. आजची सँडप्ले थेरपी यातूनच पुढे आली.

मूल पुढे, मोठे मागे

अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांच्या विचारांवर काम करणाऱ्या व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांचं 'प्ले थेरपी' हे पुस्तक १९४७ मध्ये आलं. त्यातल्या आठ तत्त्वांचं सार असं: मुलाला आहे तसं स्वीकारा, खेळाची दिशा त्याला ठरवू द्या, घाई करू नका, त्याच्या भावना ओळखून त्याला शब्दांत परत द्या आणि मर्यादा गरजेपुरत्याच घाला.

समजा, मूल गाडी पुन्हा पुन्हा आपटतंय. थेरपिस्ट "असं करू नये" म्हणत नाही, "का करतोस?" असंही विचारत नाही. "खूप राग आलाय," एवढंच म्हणतो. मुलाने गाडी थेरपिस्टवर फेकली, तर मात्र तो ठामपणे सांगतो, "मी मारण्यासाठी नाही. हवं तर या उशीवर मार." राग चालतो, इजा चालत नाही, हे मूल उपदेशाशिवाय शिकतं. रागाला नाव मिळालं की हळूहळू हात कमी उचलला जातो.

पुन्हा आई-वडिलांकडे

१९६४ मध्ये बर्नार्ड आणि लुईस गर्नी यांनी पुढचं पाऊल टाकलं. हे कौशल्य पालकांनाच शिकवायचं आणि तज्ज्ञांनी मार्गदर्शन करायचं. याला फिलियल थेरपी म्हणतात.

२००५ मध्ये ९३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात प्ले थेरपीचा चांगला फायदा दिसला आणि प्रशिक्षित पालकांनी दिलेल्या थेरपीत तो अधिक होता. हेही सांगायला हवं की या क्षेत्रातले अनेक अभ्यास छोटे असतात. ऑटिझम, एडीएचडी किंवा तीव्र नैराश्य असेल, तर इतर उपचारही लागतात.

घरी काय करता येईल?

- आठवड्यातून एकदा ३० मिनिटं फक्त त्या मुलासाठी ठेवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत.
- माती, खडू, बाहुल्या, प्राणी, भातुकली, डॉक्टर सेट पुरे. महागडी खेळणी नकोत.
- शिकवू नका, परीक्षा घेऊ नका. "हा रंग कोणता?" हा प्रश्न त्या वेळात बंद.
- जे दिसतंय ते बोला: "बाळाला तू झोपवलंस."
- शिक्षा म्हणून ही वेळ कधीही रद्द करू नका.
- खेळाचा अर्थ स्वतः लावू नका. बाहुली आपटली म्हणजे आईवर राग आहे, असं ठरवणं चुकीचं ठरू शकतं.

मदत कधी घ्याल?

पोटदुखी, डोकेदुखी किंवा बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, तर आधी डॉक्टरांकडून शारीरिक तपासणी करून घ्या. ती ठीक असूनही शाळा टाळणं, झोपमोड, मारामारी किंवा अबोलपणा काही आठवडे टिकला, तर बालमानसतज्ज्ञांना भेटा. जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातही चौकशी करा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. मूल स्वतःला इजा करत असेल किंवा मरणाबद्दल बोलत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मुलावर अत्याचाराचा संशय असेल, तर १०९८ वर लगेच फोन करा.

थेरपिस्ट निवडताना त्यांचं शिक्षण आणि मुलांसोबतच्या कामाचा अनुभव जरूर विचारा. आणि पहिल्या सेशननंतर मुलाला "आज काय शिकलास?" असं विचारू नका. ते खेळून आलंय, एवढं पुरे.