गिऱ्हाइकाचा फोन

देहविक्रीचा इतिहास सांगताना वस्त्यांची नावं घेतात: मुंबईचा कामाठीपुरा, नागपूरची गंगा-जमुना. आमच्या भंडारा जिल्ह्यात कुठल्याही घरवालीच्या हाताखाली न जाता, आपापल्या घरी राहून हे काम करणाऱ्या बायांची अशी वस्ती नव्हती. त्यांचा इतिहास टेलिफोनच्या वाटेनं गेला. त्यातला बराचसा मी पाहिला, कारण तो टेलिफोन माझ्या टेबलावर होता.

पोलिओनं माझा एक पाय अधू झालेला. अपंगांना एसटीडी-पीसीओ देताना प्राधान्य होतं, त्यातून मला भंडाऱ्यात बूथ मिळाला. काचेचं केबिन, लाल आकड्यांचं मीटर आणि करकर करत बिल काढणारा छोटा प्रिंटर. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, तेव्हा मुंबई-कोलकाता महामार्गावरचे ट्रकवाले रांग लावून घरी बोलायचे. बायांची वेळ दुपारची.

घरी लँडलाइन घेणं त्यांना परवडणारं नव्हतं, आणि पैशापेक्षा मोठी अडचण वेगळीच होती. फोन मिळायला वर्षानुवर्षं थांबायचं, आणि मिळाला की डिरेक्टरीत नाव-पत्ता छापून यायचा. शिवाय फोन बैठकीत, सासू-पोरांच्या कानापाशी. म्हणून गिऱ्हाइकाला नंबर द्यायचा तो दुसऱ्याचा; त्याला ‘पीपी नंबर’ म्हणत. कुणी लॉजच्या मॅनेजरचा द्यायची, कुणी किराणावाल्याचा, कुणी माझ्या बूथचा. ज्याचा फोन, त्याचा हिस्सा. लॉजवाला तर गिऱ्हाईकही तोच ठरवायचा, वेळही तोच आणि पैसेही आधी तोच मोजायचा.

माझ्याकडे येणारी एक बाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसायची. "ताई, माया फोन आला का?" एवढंच विचारायची. फोन आला की पदराआड रिसीव्हर धरून तांदळाचा सौदा केल्यासारखं बोलायची. "आज धान नाही" म्हटलं की नकार. पलीकडचा आवाज पिऊन आलेला वाटला, तर ती मुकाट्यानं फोन ठेवायची. पण तो बूथवर चौकशीला येईल ही धास्ती तिलाही असायची आणि मलाही. 07184 हा कोड गाव सांगायचा, पुढचे आकडे थेट दुकान सांगायचे.

31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. त्या काळी आलेल्या फोनलाही पैसे पडत. ज्या धंद्यात सगळं काम येणाऱ्या फोनवर, तिथं असा मोबाइल काय कामाचा? या बायांसाठी खरी तारीख 1 मे 2003. त्या दिवसापासून इनकमिंग फुकट झालं. त्याच वर्षी सुरुवातीला 501 रुपये भरून मिळणारा रिलायन्सचा हँडसेट आला, आणि बीएसएनएलचं कार्डही तोवर मिळू लागलं होतं. माझा दुपारचा बाक रिकामा होत गेला. धंदा बसला याचं दुःख होतंच. पण त्या बाईच्या कमरेच्या बटव्यात स्वतःचा फोन पाहिला तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

आता आवाज ती पारखायची, जागा ती ठरवायची, नको तो नंबर बंद करायची. मॅनेजरचा हिस्सा तुटला. 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यातल्या कलम 8 नुसार रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं गुन्हा आहे. फोनमुळे रस्त्यावर उभं राहणंच कमी झालं.

पण सिमला ओळखपत्र लागतं. जिच्याकडे ना रेशनकार्ड, ना पत्त्याचा पुरावा, तिनं सिम घेतलं ते एखाद्या गिऱ्हाइकाच्या किंवा नातलगाच्या नावावर. फोन तिच्या हातात, मालकी त्याची. पुढं ट्रूकॉलर आलं. गिऱ्हाइकांनी आपापल्या फोनमध्ये तिला ज्या नावानं साठवलं, ते नाव परक्याच्या पडद्यावर उमटू लागलं. डिरेक्टरीत निदान आपलंच नाव असायचं.

सिमच्या अडचणीवर थोडा उतारा 19 मे 2022 रोजी मिळाला. बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना या स्त्रियांशी सन्मानानं वागायला सांगितलं, आणि राहत्या पत्त्याच्या पुराव्याशिवाय, गुप्तता राखून आधार देण्याचा आदेश दिला. आधार हाती आलं तर सिम स्वतःच्या नावावर घेता येतं. ही गोष्ट लहान नाही.

मोठी अडचण अजून तशीच आहे. एकटी, सज्ञान बाई स्वखुशीनं हे काम करते, तर ते करणं हाच गुन्हा ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं 2020 मध्ये ते स्पष्ट सांगितलं. मात्र दोघींनी सोबत म्हणून एक खोली घेऊन तिथं हे काम केलं, तर कायद्याच्या व्याख्येत तो कुंटणखाना ठरू शकतो. हिस्सा घेणाऱ्या मॅनेजरला दूर ठेवणारा तोच कायदा सोबतीच्या मैत्रिणीलाही दूर ठेवतो. आज ती फोनवर वेळ ठरवते आणि अनोळखी माणसाकडे एकटी जाते. कुठं गेली हे कुणालाच ठाऊक नसतं. पूर्वी निदान बूथवालीला ठाऊक असायचं.

सांगलीची वेश्या अन्याय मुक्ती परिषद 1996 पासून या बायांच्या हक्कांसाठी उभी आहे. तिच्या बाजूनं माझं एकच मागणं आहे: कुंटणखान्याची ती व्याख्या बदला. फोननं या बाईला नकार द्यायची सोय दिली. नकार दिल्यावर धावून येणारं माणूस तिच्या जवळ राहू देणं कायद्याच्या हातात आहे.