सतरापैकी सतरा

3 फेब्रुवारी 2008, रविवार. अ‍ॅरिझोनातलं ग्लेनडेल. स्टेडियमचं छत बंद आहे, तरी तुमच्यासमोरच्या मैदानातलं गवत खरं आहे. मैदानच मुळी एका अजस्र तबकात वाढवलेलं आहे. एरवी रुळांवरून ते बाहेर उन्हात नेतात आणि सामन्यासाठी आत आणतात. तुम्ही सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, बघायला आला आहात. निळ्या जर्सीतले लोक तुमच्या शेजारी बसलेत, न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे. त्यांना आज सामना जिंकायचा नाहीये, त्यांना वाद संपवायचाय.

अमेरिकन फुटबॉलमध्ये एका मोसमापुरता सर्वांत थोर संघ कोणता? या वादावर तिथे माणसं रात्री जागवतात. आणि या संघाकडे उत्तर असल्यासारखं दिसतंय. साखळीतले सोळाच्या सोळा सामने जिंकलेत, बाद फेरीतले दोन. सोळा सामन्यांत 589 गुण. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचे टचडाउनचे 50 पास, त्यातले 23 एकट्या रँडी मॉसने पकडलेले. आजवर असा मारा कुणी केला नव्हता. आता एवढा एकच सामना उरलाय.

खेळ तुम्हाला नवा असेल तर इतकंच लक्षात ठेवा: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. शेवटचं जेमतेम सव्वा मिनिट राहिलंय, पेट्रियट्स 14-10 ने पुढे आहेत आणि चेंडू न्यूयॉर्क जायंट्सकडे आहे. त्यांचा क्वार्टरबॅक इलाय मॅनिंग चहूबाजूंनी घेरला गेलाय. दोघांनी त्याची जर्सी मुठीत धरलीये. तो कसाबसा निसटतो आणि चेंडू उंच भिरकावतो. डेव्हिड टायरी उडी मारतो. रॉडनी हॅरिसन त्याच्या हातावर अक्षरशः लोंबकळतोय, चेंडू निसटतोय, आणि टायरी तो एका हाताने स्वतःच्या हेल्मेटवर दाबून धरतो. पाठीवर पडतो, तरी चेंडू जमिनीला लागत नाही. बत्तीस यार्ड.

35 सेकंद उरलेले असताना प्लॅक्सिको बरेस टचडाउन करतो. 17-14, जायंट्स. शेजारच्या माणसाने दोन्ही हात डोक्यावर ठेवलेत. अठरा विजय आणि एक पराभव.

उठा, आपल्याला मागे जायचंय.

2 डिसेंबर 1985, सोमवारची रात्र, मायामीचं ऑरेंज बोल. शिकागो बेअर्स बारापैकी बारा जिंकून इथे उतरलेत. त्याआधीचे दोन सामने: डॅलसविरुद्ध 44-0, अटलांटाविरुद्ध 36-0. बचावाचा प्रशिक्षक बडी रायन याच्या फळीला ‘46’ म्हणतात, डग प्लँक या जुन्या खेळाडूच्या जर्सीच्या आकड्यावरून. आठ-आठ माणसं पुढे आणून उभी करायची आणि चेंडू सुटताच क्वार्टरबॅकवर तुटून पडायचं. मधोमध माइक सिंगलटेरी उभा असतो. त्याचे विस्फारलेले डोळे बघून समोरचा नको ते करून बसतो.

मैदानाच्या कडेला साध्या कपड्यांत काही दांडगी माणसं उभी आहेत, त्यांच्याकडेही बघा. लॅरी झोंका त्यांत आहे. 1972 च्या मायामी डॉल्फिन्सचे ते खेळाडू. सगळे सामने जिंकून सुपर बोलचं विजेतेपद घेणारा तोवरचा एकमेव संघ त्यांचा. आज तो मान राहतो की जातो हे बघायला ते आलेत. मायामीचा प्रशिक्षकही तेव्हाचाच, डॉन शुला.

शुलाने आज युक्ती केलीये. तिसरा झेलकरी नॅट मूर त्याने आतल्या बाजूला उभा केलाय. त्याच्यामागे धावायला बेअर्सकडे चपळ माणूस उरत नाही, जडशीळ लाइनबॅकरांनाच पळावं लागतं. डॅन मारिनो चेंडू हातात घेतो न घेतो तोच सोडून देतो. मध्यंतराला 31-10. बेअर्सच्या खोलीत मुख्य प्रशिक्षक माइक डिटका आणि रायन एकमेकांच्या अंगावर धावून गेले, असं त्यांच्याच खेळाडूंनी पुढे सांगितलं. नंतर मारिनोचा एक पास बेअर्सच्या डॅन हॅम्प्टनच्या हेल्मेटवर आदळून उडतो आणि थेट मार्क क्लेटनच्या हातात पडतो. टचडाउन. इथे हेल्मेट, ग्लेनडेललाही हेल्मेट! दोन अजिंक्य मोसमांच्या पराभवात हेल्मेटचा वाटा असावा, हे मला आजही चमत्कारिक वाटतं. शेवटी 38-24.

शिकागोवाल्यांवर अन्याय नको. परत गेल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या संघाने ‘सुपर बोल शफल’ या आपल्या नाचगाण्याचं चित्रीकरण केलं. कालच हरलोय याची फिकीर नव्हती. आणि मग बाद फेरीत 21-0, 24-0. दोन सामन्यांत समोरच्यांना भोपळा. न्यू ऑर्लिन्सच्या सुपर बोलमध्ये 46-10, आणि पेट्रियट्सना धावून मिळालेले एकूण यार्ड सात. साठ मिनिटांत सात! एकाच दुपारी एकच सामना खेळायचा आणि त्यावर सगळं लागलेलं असेल, तर मी जानेवारी 1986 चे बेअर्स पाठवीन. तिथे मला शंका नाही.

पण प्रश्न मोसमाचा आहे. त्यासाठी मायामीच्या ऑरेंज बोलमध्येच आणखी मागे चला.

12 जानेवारी 1969. त्या वेळी ‘सर्वांत थोर संघ’ म्हणून ज्याचा गाजावाजा आहे तो बाल्टिमोर कोल्ट्स. प्रशिक्षक शुलाच, वयाने एकोणचाळीस. क्वार्टरबॅक अर्ल मॉरल. जॉनी युनायटस जखमी झाल्यामुळे जागा मिळालेला हा माणूस त्या मोसमात सर्वोत्तम खेळाडू ठरलाय. समोरच्या न्यूयॉर्क जेट्सना कुणी खिजगणतीतही धरत नाहीये. मध्यंतराच्या तोंडावर कोल्ट्सनी चकवा दिलाय. टचडाउनच्या रेषेपाशी जिमी ऑर एकटा उभा आहे, आसपास चिटपाखरू नाही, आणि तो दोन्ही हात हलवून चेंडू मागतोय. तुम्हाला तो दिसतोय, स्टेडियमभर सगळ्यांना दिसतोय. मॉरलला दिसत नाही. तो मध्येच पास टाकतो आणि जेट्सचा जिम हडसन तो पकडतो. जेट्स 16, कोल्ट्स 7.

मॉरलचा चेहरा नीट बघून ठेवा, लष्करी बारीक केसांचा. आता वर्षं पुढे ढकलू.

15 ऑक्टोबर 1972, मैदान तेच, डॉल्फिन्सचं घर. चार सामने जिंकून झालेत, पाचवा सुरू आहे. सॅन डिएगोचे डीकन जोन्स आणि रॉन ईस्ट मायामीचा क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी याच्यावर कोसळतात. ग्रीसीचा पाय मोडतो, घोटा सरकतो. संघाचं डोकं स्ट्रेचरवरून बाहेर चाललंय आणि राखीव खेळाडूंच्या बाकावरून अडतीस वर्षांचा मॉरल उठतोय. बाल्टिमोरने त्याला मोकळं केलं तेव्हा शुलाने त्याला शंभर डॉलर शुल्कात उचललं होतं. आजूबाजूला केस वाढवलेली तरणी पोरं, मधे हा.

तो सामना 24-10 ने जिंकला जातो, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. मॉरल नेत्रदीपक असं काही करत नाही. तो चेंडू झोंकाकडे देतो, मर्क्युरी मॉरिसकडे देतो, आणि समोरची भिंत फोडायचं काम पुढची फळी करते. त्या मोसमात झोंकाने 1,117 यार्ड काढले, मॉरिसने बरोबर 1,000. एकाच संघातल्या दोघांनी हजार गाठण्याची ती पहिलीच वेळ. बचावफळीला तर ‘बिननावाची’ म्हणत, कारण समोरच्यांना त्यांची नावं आठवत नसत.

इथे शिकागोवाला तुम्हाला अडवेल, आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. साखळीतल्या चौदा सामन्यांतल्या प्रतिस्पर्ध्यांपैकी फक्त दोघांचे विजय पराभवांहून जास्त होते, कॅन्सस सिटी आणि न्यूयॉर्क जायंट्स, दोघेही 8-6. वेळापत्रक सोपं होतं, हे खरं आहे. पण त्याच वर्षी लीगमध्ये सर्वाधिक गुण मायामीने केले, 385, आणि सर्वांत कमी गुणही मायामीनेच दिले, 171. आणि सोप्या वाटेवरही दरवर्षी कुणी ना कुणी घसरतंच. इतक्या वर्षांत सोपं वेळापत्रक काय एकाच संघाला मिळालं?

शिवाय वाट शेवटी सोपी राहिली नाही. 31 डिसेंबरला तुम्ही पिट्सबर्गला आहात. चौदापैकी चौदा जिंकलेला संघ परक्या मैदानावर का? कारण तेव्हा यजमानपद कामगिरीवर नव्हे, गटांच्या पाळीनुसार मिळे. पिट्सबर्ग 7-0 ने पुढे आहे. चौथा प्रयत्न. लॅरी सिपल पंट मारायला उभा राहतो, म्हणजे चेंडू लाथेने दूर घालवायला. समोरचे पाठ फिरवून मागे पळायला लागलेत हे त्याला दिसतं. तो लाथ मारतच नाही. चेंडू काखेत धरून स्वतःच धावत सुटतो, 37 यार्ड. कडेला शुलाचा श्वास अडकलाय. मग मॉरलचा झोंकाला पास, 7-7.

दुसऱ्या अर्धात गाडी पुन्हा अडते. शुला ग्रीसीला विचारतो, तयार आहेस? अकरा सामने सुरुवात करून एकही न हरलेल्या माणसाला तो बाकावर बसवतो. मॉरल तक्रार करत नाही. ग्रीसी येतो, पॉल वॉरफिल्डला 52 यार्डांचा पास देतो आणि सामना 21-17 असा निघतो. माझं मत इथेच पक्कं होतं. मुख्य माणूस गेला तरी संघ चालला, बदली माणूस गेला तरी चालला, आणि बदली माणसाने जागा सोडताना संघाला ओरखडाही उठू दिला नाही. ब्रेडीशिवायचे पेट्रियट्स त्या मोसमात कुणाला बघावेच लागले नाहीत. बेअर्स हरले त्या रात्री नेहमीचा क्वार्टरबॅक जिम मॅकमाहन याच्याऐवजी स्टीव्ह फुलरने सुरुवात केली होती. अर्थात 44-0 आणि 36-0 फुलरनेच जिंकून दिले होते, तेव्हा खापर त्याच्यावर फोडू नये.

14 जानेवारी 1973, लॉस एंजेलिस, सुपर बोल. जानेवारीतही घाम फुटतोय. वॉशिंग्टनविरुद्ध 14-0. ग्रीसीने दिवसभरात फक्त अकरा पास टाकलेत. दोनेक मिनिटं उरलीत आणि फील्ड गोल झाला तर 17-0 होईल. सतरावा विजय, तोही सतरा-शून्य. गारो येप्रेमियन लाथ मारणार, आणि त्याच्यासाठी गुडघा टेकून चेंडू उभा धरतोय अर्ल मॉरल. आज त्याच्याकडे तेवढंच काम आहे.

लाथ अडवली जाते. चेंडू उसळून येप्रेमियनकडे परत येतो. त्याने त्यावर नुसतं आडवं पडायचंय. तो उचलतो, पास टाकायला जातो, चेंडू हातातून सटकून वर उडतो, आणि वॉशिंग्टनचा माइक बास तो झेलून 49 यार्ड पळत सुटतो. 14-7. सगळा मोसम एका बोटाच्या चुकीवर येऊन टांगलाय. वॉशिंग्टनला चेंडू पुन्हा मिळतो. बिननावाची बचावफळी मैदानात येते, आणि शेवटच्या डावात व्हर्न डेन हर्डर आणि बिल स्टॅनफिल क्वार्टरबॅक बिली किल्मरला पाडतात. पाच वर्षांत दोन सुपर बोल हरलेला शुला खांद्यांवर आहे.

आता एकच उडी, पुढे. 20 ऑगस्ट 2013, व्हाइट हाउस. तेव्हा न आलेलं बोलावणं चाळीस वर्षांनी आलंय. पांढऱ्या केसांचे डॉल्फिन्स रांगेत उभे आहेत, सोबत शुला. यजमान बराक ओबामा, पक्के शिकागोचे. 1985 च्या बेअर्सना ते आजवरचा सर्वोत्तम संघ म्हणून बसलेत. ते हसत मान्य करतात की या मंडळींना ते पटणार नाही, आणि त्यांच्याकडे हुकमाचं पान आहे. बेअर्स त्या मोसमात एकदाच हरले होते, डॉल्फिन्सकडून.